दाराशी उभा असलेला माणूस

प्रिय मित्रा,

अंग हलेना, तोंडातून आवाज फुटेना आणि दाराशी कुणीतरी उभं, हे तू पहाटे लिहिलेलं सगळं वाचलं. गावाकडे याला छातीवर भूत बसलं म्हणतात. तू स्लीप पॅरालिसिस म्हणतोस. भीती दोन्हीकडे सारखीच.

स्वप्नांच्या, म्हणजे आरईएम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावताना आपण पलंगावरून खाली आलो असतो. तुला ल्युसिड ड्रीमिंग साधायचंय, म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे हे ओळखायचंय. त्यासाठी तू पहाटे गजर लावून उठतोस आणि भान न सोडता पुन्हा झोपेत शिरायला बघतोस, म्हणून कधी जाग आणि हे ढिलेपण एकाच वेळी अंगात असतात. दाराशी उभा असलेला माणूस स्वप्नातलाच, फक्त खोली तुझी खरी आहे. बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे आपोआप ओसरतं.

श्वासाचं मात्र नीट समजून घे, कारण खरी घाबरगुंडी तिथेच उडते. बरगड्यांमधले स्नायूही ढिले पडलेले असतात, त्यामुळे मुद्दाम खोल श्वास ओढायला गेलास की तो येत नाही आणि जीव गुदमरल्यासारखा वाटतो. पण पोटाचा श्वास, श्वासपटलाचा, चालूच असतो. तेव्हा श्वास ओढू नकोस. पोट वर-खाली होतंय तेवढं जाणवू दे.

डोळेही तुझ्या ताब्यात असतात. ल्युसिड ड्रीमिंग खरं आहे हे सिद्ध झालं तेही डोळ्यांमुळेच. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली आणि ती यंत्रावर उमटली.

हातपाय झाडायची धडपड सोड, त्याने धडधडच वाढते. बाहेर यायचं असेल तर पायाचा अंगठा किंवा जीभ हलवायचा प्रयत्न कर. पुष्कळांना त्याने सुटका मिळते. स्वप्नात जायचं असेल तर डोळे मिटलेलेच ठेव आणि ओळखीची एखादी जागा मनात आण, आजोळचं अंगण म्हण. दारातल्या पाहुण्याची चौकशी करत बसू नकोस.

आणि हो, पॅरालिसिस आला म्हणजे प्रगती झाली, हे डोक्यातून काढून टाक. स्टॅनफर्ड विद्यापीठात ल्युसिड ड्रीमिंगवर संशोधन केलेले स्टीफन लाबर्ज यांची रीत साधी आहे: पुन्हा झोपताना ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे’ असा निश्चय करायचा. त्यात ताठ पडून राहावं लागत नाही. उताणं झोपल्यावर आणि जागरणानंतर पॅरालिसिस जास्त होतो, म्हणून कुशीवर झोप. परीक्षेच्या आठवड्यात तर गजर लावूच नकोस.

दिवसा अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघे एकदम ढिले पडत असतील, तर हे प्रयोग बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांकडे जा. मला नंतर कळवलंस तरी चालेल.

तुझा,
काका