अनोळखी माणसाशी चांगलं वागल्याने खरंच फरक पडतो, की फक्त आपल्यालाच बरं वाटतं?

फरक पडतो. करणाऱ्याला वाटतो त्याहून जास्त पडतो आणि हे मोजून पाहिलेलं आहे.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकागोत बर्फावर स्केटिंग करायला आलेल्यांना त्यांनी गरम चॉकलेटचा कप दिला आणि तो एखाद्या अनोळखी माणसाला द्याल का, असं विचारलं. बहुतेकांनी देऊन टाकला. मग देणाऱ्यांना विचारलं, घेणाऱ्याला किती बरं वाटलं असेल? त्यांचा अंदाज चक्क कमी निघाला. देणारा कपाची किंमत करत होता. घेणाऱ्याला मात्र, ओळखदेख नसताना कुणीतरी आपला विचार केला, हे जास्त पोचलं होतं. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात, ज्यांना अशी अवचित भेट मिळाली ते नंतर तिसऱ्याच माणसाला पैसे वाटून देताना हात सैल सोडून वागले.

मला स्वतःला हे पटतं ते घेणारा म्हणून. इस्पितळाच्या गर्दीत कागद हातात धरून गोंधळून उभा असताना एक अनोळखी बाई, न विचारता, मला योग्य खिडकीपर्यंत सोडून गेल्या. त्या हे केव्हाच विसरल्या असतील.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याला बरं वाटतं का? वाटतंच. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना ५ किंवा २० डॉलर देऊन दिवसभरात खर्च करायला सांगितलं. काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त खूश होते, आणि ५ की २० याने काही बिघडलं नाही. पण यात ‘फक्त’ कुठून आलं? तुम्ही कुणाची जड बॅग जिना चढवून दिलीत आणि मनातून खूश झालात, म्हणून ती बॅग काही परत खाली येत नाही. हेतू शंभर टक्के शुद्ध असल्याशिवाय मदत करायची नाही असं ठरवलं, तर बिचारा बॅगवाला जन्मभर जिन्याखालीच उभा राहील.

तरी एक सांगतो, ‘एका हास्याने जग बदलतं’ छापाचे फॉरवर्ड मला झेपत नाहीत. १९७२ च्या एका गाजलेल्या प्रयोगात, सार्वजनिक फोनच्या खोक्यात एखादं नाणं सापडलेले लोक बाहेर पडल्यावर मदतीला अगदी धावले होते. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसं काही दिसलं नाही.

मग एवढं सोपं असून आपण करत का नाही? मला वाटतं, दुष्टपणा हे कारण फार कमी वेळा असतं; घाई आणि संकोच, बहुतेकदा हीच दोन. घाईचा पुरावा तर जबरदस्त आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला, अर्थात ठरवून बसवलेला. निवांत वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला गेले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. कहर म्हणजे त्यांतल्या निम्म्यांना बोलायचं होतं ते बायबलमधल्या, जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या गोष्टीवर! त्याने म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून चांगलं वागायचा संकल्प करण्यापेक्षा घरातून थोडं लवकर निघणं मला जास्त उपयोगी वाटतं.

संकोचाचं म्हणाल तर तो दोन्हीकडून असतो. मागणाऱ्यालाही वाटतं, कोण कशाला मदत करेल? फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये हे तपासलं. लोकांना जेवढ्या अनोळखी माणसांना विनवावं लागेल असं वाटत होतं, त्याच्या साधारण निम्म्यांना विचारूनच काम झालं. तेव्हा अडलात तर बिनधास्त विचारा.

फक्त मदत लादू नका. दृष्टिहीन माणसाचा हात धरून त्याला रस्त्यापलीकडे ओढत नेणारे मी पाहिले आहेत, आणि त्याला पलीकडे जायचंच नसतं! आधी बोला, विचारा, हवं असेल तर तुमचं कोपर त्याला धरू द्या. व्हीलचेअरलाही न विचारता हात लावायचा नाही. रात्री एकट्या बाईची गाडी बंद पडलेली दिसली, तर लांबूनच विचारा, कुणाला फोन करू का? ती ‘नको’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणून निघा. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, ती तिची काळजी घेत असते.