दोघांना पुरेल, दहाजणांनाही

प्रश्न : एरवी घरात आम्ही दोघंच. सुट्टीत भाचरं-नातवंडं धरून दहाजण. एकच बोर्ड गेम घ्यायचा तर कोणता? – एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, ‘सिक्वेन्स’ घ्या. पटावर पत्ते छापलेले असतात. हातातलं पान टाकायचं, पटावर तेच पान शोधून सोंगटी ठेवायची, सलग पाच जुळवायच्या. खरी मजा गुलामांची. चित्रात दोन्ही डोळे दिसणारा गुलाम सोंगटी कुठेही ठेवू देतो, एकच डोळा दिसणारा समोरच्याची उचलतो (पुरी झालेली ओळ सोडून). 2 ते 12 जण खेळतात. तिघांच्या वर गट पाडायचे. संख्येला 2 किंवा 3ने भाग जायला हवा, म्हणून सातजण जमले तर एकाला पोह्यांकडे पाठवा!

गटातल्याला चाल सुचवली तर त्या गटातल्या प्रत्येकाचं एकेक पान जातं. हा नियम सोडू नका. आमच्याकडे भुवया उडवणाऱ्या मावशी आहेत.

‘कॅटान’ हा बोर्ड गेमही उत्तम, पण मूळ संच 3-4 जणांचा. तुमच्या दोघांच्या दुपारी तो कपाटातच राहील. जुना कॅरम असेल तर मात्र विकू नका.

आणि शेवेची वाटी पटापासून लांब. तेलकट बोटांनी पानं चिकटतात.