पेशी 2,800, पण कोणत्या पेशी?

ताई, डेंग्यू झालेल्या आईच्या रक्ताचा रिपोर्ट तुम्ही टाकला, तर पहिले हे सांगतो, त्यातलं ते 2,800 म्हणजे प्लेटलेट नाही, पांढऱ्या पेशी आहेत. शेजारचे काका म्हणून राहिले की पेशी 20 हजाराच्या खाली गेल्या की चढवाव्या लागतात अन् हिच्या तर 2,800च, आणि तुम्ही रात्रभर झोपल्या नाही. नागपुरात धंतोलीत लॅबमध्ये 17 वर्षं काढली, दर पावसाळ्यात हाच घोळ पाहतो. डेंग्यूच्या दिवसांत नुसतं 'पेशी' म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात प्लेटलेटच येते, आणि रिपोर्टात पांढऱ्या पेशी आधी छापलेल्या असतात. आईची प्लेटलेट खालच्या ओळीत आहे, 1 लाख 12 हजार. दीड लाखाच्या वर पाहिजे, म्हणजे कमी आहेच, पण काकांच्या आकड्यापासून लय दूर आहे.

आता पांढऱ्या पेशी. मोठ्या माणसात साधारण 4 ते 11 हजार, तेही मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात. तुम्ही विचारलं की इन्फेक्शन आहे तर वाढायला पाहिजे, कमी काऊन झाल्या? प्रश्न बरोबर आहे. गळू झालं किंवा बॅक्टेरियाचा न्यूमोनिया झाला की वाढतातच, हाडांच्या मगजातून न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, भराभर बाहेर पडतात, बॅक्टेरिया गिळतात आणि मरतात. रक्तात त्या एक दिवससुद्धा टिकत नाहीत, आणि गळवातला पू म्हणजे बराचसा त्यांचाच ढीग. डेंग्यूचा व्हायरस मात्र मगजाचं कामच काही दिवस मंद करतो, त्यामुळे नवीन माल कमी येतो आणि आकडा पडतो. आईची एनएस वन, म्हणजे डेंग्यूची तपासणी, पॉझिटिव्ह आहे, तापाचा चौथा दिवस आहे, म्हणजे हे 2,800 आजाराला धरूनच आहे.

लढणं बंद पडलं असं नाही हं. अशा पेशंटच्या रक्ताची स्लाइड लिशमन नावाच्या रंगाने रंगवून, तेल टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिली की लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, एरवीपेक्षा मोठ्या दिसतात, निळसर कडा पसरलेली, बाजूच्या लाल पेशींना अशा चिकटून वळलेल्या की जणू लोकलच्या गर्दीत कोपर मारून जागा केली (आपल्याकडे लोकल नाही, पण समजून घ्या). मशीन फक्त आकडा देते, हे दिसायला डोळाच लागतो, म्हणून रिपोर्टात स्मिअरचा, म्हणजे या स्लाइडचा, शेरा असेल तर तो नक्की वाचा.

अजून एक, मधात कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांना सांगाच. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल त्याने सुटून वाहत्या रक्तात येतात, आकडा फुगतो, आणि सगळे म्हणतात इन्फेक्शन वाढलं.

ताप उतरला की मोकळं झालो असं समजू नका, डेंग्यूत तेच 24 ते 48 तास जपायचे. पोट जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातून रक्त, लघवी कमी, एकदम सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टाची वाट न पाहता सरळ दवाखाना. तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन-अॅस्पिरिन नको. पपईच्या पानाचा रस उलटी होऊन राहिलेल्या बाईला पाजू नका बाप्पा, आणि गच्चीवरचा कूलर अजून पाण्यासकट उभा असेल तर आजच रिकामा करून घासा.

बरं व्हायला लागलं की बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी आधी वर येतात, प्लेटलेट मागून. उद्याचा सीबीसी, म्हणजे हीच पेशींची तपासणी, झाला की आकडे टाका, पीसीव्हीसकट (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के, तो आकडा).