मुधोळचं सात आठवड्यांचं पिल्लू रात्रभर रडतंय, गोठ्यात बांधावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिकोडीजवळच्या गावात घर, मुधोळ जातीचं सात आठवड्यांचं पिल्लू आणून चार रात्री झाल्या, दहा वाजले की रडणं सुरू ते पहाटेपर्यंत. घरातली मोठी माणसं म्हणतात, शिकारी कुत्रं आहे, लाड नकोत, गोठ्यात बांधा, दोन दिवसांत गप्प बसतंय.

बांधू नका. निदान आत्ता तरी नको. एक खोका घ्या आणि तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा, झोपल्या झोपल्या हात पोचेल इतका जवळ. बाकी सगळं त्यानंतर.

हे शहाणपण मला चूक करून आलंय. आमचं घर बेळगावात, वडगावला, विणकरांच्या गल्लीत. चार वर्षांपूर्वी ऐन जुलैत खानापूरकडच्या एका शेतातून तांबूस पिल्लू आणलं, गावठीच. रंग खरपूस कुंद्यासारखा (कुंदा ही आमच्या बेळगावची दुधाची मिठाई), म्हणून नाव कुंदा ठेवलं. (गल्लीत त्याच नावाच्या एक काकू आहेत. महिनाभर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.) पहिल्या रात्री त्याला परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, पत्र्याखाली गोणपाट टाकून दाव्यानं बांधलं. मी घरात घ्यायचं म्हणत होते, पण सासूबाई म्हणाल्या, "कुत्रं हाय ते, पाळण्यात घालून हलवतीस काय?" पत्र्यावर पावसाचा मारा, आणि त्यावरूनही ऐकू येईल असं ते रडणं. दोनच्या सुमाराला आवाज थांबला. "बघ, बसलं की गप." मला राहवेना. बॅटरी घेऊन गेले तर दाव्यात पाय गुंतलेला, गोणपाट भिजलेलं, आणि पिल्लू स्वतःच्याच घाणीत बसून थरथरत होतं. ते दमून गप्प झालं होतं. पुढं कितीतरी दिवस आम्ही दिवा मालवला की ते पलंगाखाली घुसायचं आणि बाहेर येता येत नसे. चार-पाच रात्रींत जमलं असतं ते काम मग तीन आठवडे चाललं.

तुमच्या गोठ्याचा धोका तर आणखी वेगळा. अंधारात म्हशीचा एक पाय पडला तर पुढं बोलायलाच नको.

पिल्लाच्या बाजूनं बघा. परवापर्यंत ते आईच्या पोटाशी, चार-पाच भावंडांच्या ढिगात झोपत होतं. कूस बदलली तरी कुणाचं तरी पोट, कुणाचा तरी पाय अंगाला लागायचा. ऊब, वास, आईच्या काळजाचे ठोके, सगळं फुकट मिळत होतं. अशा पिल्लाला अंधारात एकटं ठेवलं की ते आईला हाका मारतं, दुसरं काही त्याला माहीतच नाही. त्यात सात आठवडे म्हणजे जरा लवकरच आणलंत. कुत्र्यांच्या विक्रीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. ते नियम पाळतं कोण, ते सोडा. आता आणलंच आहे तर तो एक आठवडा तुम्हाला आई व्हावं लागणार.

आणि मुधोळचा रुबाब मलाही ठाऊक आहे. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, २०१६ साली लष्करानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. पण जातीचा गुण थंडीत उपयोगी पडत नाही. मुधोळ मुळात सडसडीत, अंगावर चरबी नाही, केस आखूड. तुमच्याकडच्या माघाच्या पहाटे मोठं मुधोळसुद्धा गोणपाट शोधतं, तर मुठीएवढ्या पिल्लाची काय कथा. रात्री जवळ झोपवलं म्हणून मोठेपणी ससा दिसल्यावर ते पळणार नाही, असं काही होत नसतं.

आता खोका. टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट चालतो, मोठा पुठ्ठ्याचा खोकाही चालतो. पिल्लाला उभं राहता यावं, गिरकी घेता यावी, हातपाय ताणून पडता यावं, एवढाच हवा. फार मोठा घेतलात तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात उरकून घेतं. झोपायची जागा घाण करायची नाही ही अक्कल त्याला उपजत असते, तिचा फायदा घ्यायचा. आत जुनी वाकळ घाला. जमलं तर ज्यांच्याकडून आणलं त्यांच्याकडं पुन्हा जाऊन, आई ज्यावर झोपते त्यातलं एक फडकं मागून आणा. न धुता. आम्ही हे दुसऱ्या आठवड्यात केलं, लोक हसले, पण कुंदा त्या चिंधीत नाक खुपसून जो झोपला तो साडेतीन तास. थंडीसाठी बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, जाड टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम वाटलं तर त्याला सरकता येईल.

घड्याळ कापडात गुंडाळून ठेवा, टिकटिक म्हणजे आईचे ठोके, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आमच्याकडं त्याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो मागांचा. शेजारच्या घरात यंत्रमाग आहेत, रात्री उशिरापर्यंत खडखड चालते. पाहुण्यांना झोप येत नाही, कुंदा मात्र त्या खडखडाटात ढाराढूर. वीज गेली की माग बंद पडायचे, आणि त्या शांततेत पाच मिनिटांत त्याची कुईकुई सुरू. मला वाटायचं उलट व्हायला हवं. मग लक्षात आलं की शांततेत त्याला एकेक आवाज सुटा ऐकू येतो: लांबचं कुत्रं, पडलेलं भांडं, कुणाची तरी कडी. एकसुरी आवाज चालू असला की हे सगळं त्यात बुडून जातं. तुमच्याकडं माग नसतील, पण सध्या गळीत हंगाम आहे, उसाचे ट्रॅक्टर मध्यरात्री गाणी लावून जात असणार. जुना टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून लावून बघा. वारा पिल्लावर नको, नुसती घरघर हवी.

रडण्याचं दुसरं कारण पोटाचं, म्हणजे खरं तर मूत्राशयाचं. ढोबळ हिशेब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. तुमचं दोन महिन्यांचंही नाही, म्हणजे तीन तासांच्या आतच. रात्रभर धरून ठेव म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून गजर लावा, आणि तो पिल्लू रडायच्या आधी वाजायला हवा. आमचा क्रम होता साडेदहा, एक, साडेतीन, सहा. रडल्यावर उठलात तर ते शिकतं की रडलं की माणूस येतो. आधी उठलात तर रडायची वेळच येत नाही. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा-वीस मिनिटांनी पुढं ढकला. घाई करू नका, एक रात्र ओली गेली की पुन्हा मागं या.

बाहेर नेताना उचलून न्या. चालवलंत तर सोप्यातच (घराच्या पुढच्या पडवीतच) उरकतं. रोज तीच जागा, मोठा दिवा नको, बोलणं नको, खेळणं तर नकोच. मी एकच शब्द म्हणायचे, "शू". झालं की एकदा पाठीवरून हात आणि परत खोक्यात. हे सगळं इतकं कंटाळवाणं ठेवायचं की रात्री जागण्यात काही मजा नाही हे त्याला पटलं पाहिजे. आमच्याकडं पाऊस होता म्हणून मी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन वळचणीखाली उभी राहायचे, पहाटे साडेतीनला. शेजारच्यांनी एकदा चोर समजून बॅटरी मारली.

एक गोष्ट मात्र नीट ऐका: बाहेर म्हणजे तुमचं स्वतःचं परडं. रस्ता नको, इतर कुत्री फिरतात ती जागा नको. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला तो दोन-चार दिवसांत संपवू शकतो. लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होते, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर.

तरीही रडलं तर? दोन रडणी ओळखायला शिका. खोक्यात ठेवल्यावरची बारीक कुरकुर, थांबत थांबत येणारी, ती झोप येतानाची. तिला दोन मिनिटं द्या. फार तर हात खोक्यात सोडा, बोटं चाटून ते झोपेल. गाढ झोपेतून उठून एकदम चढत जाणारं, धडपडीसकट रडणं म्हणजे बहुतेक शू किंवा शी. तेव्हा लगेच उचला. ओरडू नका, खोक्यावर थाप मारू नका. आणि दया येऊन अंथरुणात घेणार असाल तर कायमचं घ्यायची तयारी ठेवा, कारण हेच पिल्लू वर्षभरात तुमच्या कमरेपर्यंत येणार आहे.

रात्री ते घरभर मोकळं सोडणं मला पटत नाही, त्यामागं एक भीती आहे. निपाणीकडच्या आमच्या पाहुण्यांकडं पिल्लानं रात्री कोपऱ्यात पडलेली तंबाखूची पानं चघळली. लाळ, उलट्या, अंगाला झटके. दवाखाना वेळेत उघडा मिळाला म्हणून वाचलं. तुमच्या भागात कुणाच्या ना कुणाच्या खिशात, फडताळात तंबाखू असतेच. वीजवाहिन्या आणि चपला वेगळ्याच.

दिवसाबद्दल फार सांगत नाही. एवढ्या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, त्यामुळं "दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे रात्री झोपेल" हा सल्ला ऐकू नका. जास्त दमलेलं पिल्लू अंगात आल्यागत पळतं, चावतं आणि झोपत मात्र नाही. पोरं शाळेतून आली की अर्धा तास खेळू द्या, मग खोक्यात. दिवसाही झोप त्याच खोक्यात झाली की रात्री तो परका वाटत नाही. शेवटचं खाणं सात-साडेसातला. पाणी दिवसभर भरपूर, झोपायच्या तासभर आधी भांडं उचलायचं.

आणि दूध बंद करा. तुमच्याकडं म्हशीचं घट्ट दूध असणार आणि प्रेमानं वाटीभर दिलं जात असणार. आमच्याकडंही तेच चाललं होतं. कुंदाला पातळ शी सुरू झाली, रात्री चार-चारदा. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच वाक्य कन्नडमध्ये सुनावलं, "हालु कोडब्याड्री." दूध देऊ नका. बऱ्याच कुत्र्यांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही. दूध थांबवलं, मऊ भात आणि उकडलेलं बिनमसाल्याचं कोंबडीचं मटण दिलं, दोन दिवसांत पोट जागेवर आलं आणि रात्रीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. पिल्लांचं तयार खाणं मिळत असेल तर कोमट पाण्यात भिजवून तेच द्या, दिवसातून चार वेळा. कांदा-लसणाचं कालवण मात्र नको, ते कुत्र्याला विष आहे.

बाहेर झोपवायचंच असेल तर ते पुढं होतं. दोन-तीन आठवडे शांत गेले की खोका रोज हातभर दाराकडं सरकवा. अंथरूण ते दार, दार ते माजघर, माजघर ते सोपा. मध्येच रडलं तर एक पाऊल मागं. कुंदा साडेचार महिन्यांचा असताना सोप्यात अकरा ते साडेपाच सलग झोपायला लागला. गणपतीत ढोल-ताशांनी सगळं पुन्हा विस्कटलं, आठवडाभर परत माझ्या पलंगाशेजारी, मग पुन्हा सोपा.

हे सगळं धडधाकट पिल्लासाठी. रडण्याबरोबर खाणं सोडलं असेल, उलट्या, रक्त पडणारी शी, किंवा एकदम मलूल पडलं असेल तर गजर-खोका राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जंतांचं औषध दिलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पोट टम्म आणि बरगड्या मोजता येतात असं असेल तर जंतांचा संशय धरा. त्यानंही पिल्लू अस्वस्थ राहतं. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनंतर महिन्याला औषध द्यावं लागतं, मात्रा वजनावर ठरते. ज्यांच्याकडून आणलंत त्यांना फोन करून शेवटचा डोस कधी दिला ते विचारा, आणि त्याच फोनवर आईखालचं फडकंही मागून घ्या.