पियानो, डबल बास, ड्रम्स यातलं काहीच नसताना जॅझ ग्रुप कसा बांधायचा?

थोडक्यात प्रश्न असा आहे: विचारणारे अल्टो सॅक्सोफोन वाजवतात. ओळखीत एक चेलोवादक, बँडमध्ये ट्यूबा वाजवणारा एक जण आणि एक तबलजी आहे. एवढ्यावर जॅझ ग्रुप उभा राहील का, आणि सुरुवात कुठून करायची?

उभा राहील. पियानो नसणं ही अडचण आहे असं समजूच नका. जेरी मलिगनने 1952 मध्ये लॉस एंजेलिसला बॅरिटोन सॅक्स, चेट बेकरचा ट्रम्पेट, बास आणि ड्रम्स एवढ्यावर चौकडी चालवली, आणि ती तिच्या मोकळेपणासाठीच ओळखली गेली. चिको हॅमिल्टनच्या 1955 च्या पंचकात चेलो आणि बासरी होती. जिमी जफ्रीने त्यानंतर सॅक्स-क्लॅरिनेट, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन आणि गिटार असं त्रिकूट केलं, त्यात बासही नाही आणि ड्रम्सही नाहीत. तुमच्या सगळ्यात जवळचा नमुना म्हणजे काही काळ गोव्यातही राहिलेल्या हेन्री थ्रेडगिलचा झूइड: सॅक्स-बासरी, गिटार, चेलो, ट्यूबा, ड्रम्स. याच ग्रुपसाठी लिहिलेल्या संगीताला 2016 चं पुलित्झर मिळालं. तबल्याचं म्हणाल तर 1966 मध्ये लंडनला जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या दुहेरी पंचकात तबल्यावर आपले केशव साठे होते. तेव्हा परवानगी कोणाकडून घ्यायची नाही. फक्त कामांची वाटणी आधी करा आणि वाद्यांचं कौतुक नंतर.

कामं चार आहेत: खालचा स्वर, कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची) ओळख, लय आणि वरची चाल. नेहमीच्या ग्रुपमध्ये ही कामं आपोआप वाटली जातात, म्हणून कोणी त्यांचा विचार करत नाही. तुमच्याकडे ती प्रत्येक गाण्याच्या प्रत्येक भागासाठी कागदावर लिहावी लागतील. "इथे बास ट्यूबा, कॉर्ड चेलो, सोलोच्या चौथ्या कोरसपासून बास चेलो, ट्यूबा गप्प" असं. कोरस म्हणजे गाण्याच्या आराखड्याची एक पूर्ण फेरी. एखादं काम मुद्दाम रिकामं ठेवलं तर तेही लिहा. हे लिहिलं नाही तर पहिल्या रिहर्सलला काय होतं ते ठरलेलं आहे: तिघंही मधल्या सप्तकात गर्दी करतात आणि खाली कोणीच नसतं.

आता ट्यूबा. डबल बासवाला बारमागे (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) चार स्वर तासभर चालवू शकतो, ट्यूबावाल्याला श्वास घ्यावा लागतो. 120 च्या लयीत (मिनिटाला 120 ठोके) दोन बार म्हणजे चार सेकंद, आणि खालचे स्वर हवा भराभर खातात. म्हणून बासची ओळ लिहितानाच दर दोन बारांनी चौथा ठोका मोकळा सोडा. श्वास कुठे घ्यायचा हे त्याच्यावर सोपवलंत तर तो नेमका कॉर्ड बदलताना घेईल, आणि नवा कॉर्ड पायाविना सुरू होईल. बहुतेक ठिकाणी पहिला आणि तिसरा ठोका पुरतो. चारही ठोके फक्त सोलो तापल्यावर, तेही सलग चार कोरसपेक्षा जास्त नको. 120 ला बारा बारांचा एक कोरस 24 सेकंदांचा, म्हणजे हे दीड मिनिटाच्या वर जातं. त्यानंतर ओठ सैल पडतात आणि स्वर उतरतो. तिथे बास चेलोच्या बोटांकडे द्या. चेलोचा सर्वांत खालचा सी हा डबल बासच्या खालच्या ई पेक्षा आठ अर्धस्वर वर आहे आणि तार छेडल्यावर आवाज लवकर विरतो, त्यामुळे ही अदलाबदल झाली की सगळा ग्रुप हलका वाटतो. त्या क्षणी सॅक्सने आवाज उतरवला तर तोच परिणाम मुद्दाम योजल्यासारखा ऐकू येतो. नाही उतरवला तर खालचा मजला कोसळल्यासारखा.

ट्यूबावाल्याला एक गोष्ट पहिल्याच फोनवर विचारा: तो कोणत्या क्लेफमध्ये (पाश्चात्य स्वरलिपीत कोणती रेघ कोणता स्वर हे सांगणारं चिन्ह) वाचतो? लष्करी किंवा पोलीस बँडच्या वळणाचा असेल तर बहुधा बास क्लेफ, खरे स्वर. ब्रिटिश ब्रास बँडच्या पद्धतीत शिकलेला असेल तर ट्रेबल क्लेफ, तोही बी फ्लॅट किंवा ई फ्लॅटमध्ये बदलून लिहिलेला. चुकीचा कागद हातात पडला की अर्धी रिहर्सल त्यातच जाते.

कॉर्डची ओळख चेलोकडे. पूर्ण चार स्वरांचा कॉर्ड त्याच्याकडून मागू नका. तिसरा आणि सातवा स्वर पुरतो, मूळ स्वर ट्यूबा देतोच आहे. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही नेहमीची साखळी घ्या. ट्यूबा डी, जी, सी वाजवेल. चेलोवर वरच्या दोन तारा, डी आणि ए, पहिल्या पोझिशनमध्ये. डी मायनरला एफ आणि सी: दुसरं बोट दोन्ही तारांवर आडवं. जी सेव्हनला डी तारेवरचा एफ तसाच ठेवायचा आणि ए तारेवर पहिल्या बोटाने बी. सी मेजरला पहिलं बोट दोन्ही तारांवर, ई आणि बी. म्हणजे प्रत्येक बदलात एकच स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकतो, हात हलतच नाही, आणि कान मात्र तिन्ही कॉर्ड पूर्ण ऐकतो. अडचण एकच: एका बोटाने दोन तारा दाबून घेतलेला पंचम जरा जरी तिरका दाबला तर बेसूर होतो. गज संथ ठेवून हे तीन जोड दहा मिनिटं नुसते घोटून घ्या.

चेलोला मधल्या सी च्या खालच्या सप्तकाखाली तिसऱ्या स्वराचे जोड देऊ नका. ट्यूबा खाली असताना तिथे नुसता चिखल होतो. तिथे पंचम, सप्तक किंवा एकटा स्वर.

तबल्यावर जरा थांबतो, कारण असे ग्रुप सहसा इथेच फसतात. बारा बारांचा ब्लूज म्हटलं की पहिली उडी एकतालावर पडते: बारा तिथेही, बारा इथेही. पण एका ठोक्याला एक मात्रा धरली तर एकतालाचं आवर्तन तीन बारांत संपतं, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चौथ्या, सातव्या, दहाव्या बारवर येते आणि चौथ्यावर ब्लूजमध्ये सहसा काहीच नवं घडत नसतं. तबलजी समेवर येतो आणि बाकीचे भलतीकडेच असतात. तीनताल धरा. सोळा मात्रा म्हणजे चार बार, एका कोरसमध्ये 48 मात्रा, तीन आवर्तनं. सम पहिल्या, पाचव्या आणि नवव्या बारवर पडते. ब्लूजमध्ये मूळ कॉर्ड, चौथा आणि पाचवा नेमके तिथेच सुरू होतात. 'खाली', म्हणजे टाळी न देता मोजायची नववी मात्रा, येते तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या बारवर. सातव्या आणि अकराव्याला ब्लूज मूळ कॉर्डवर परततो. इतकी घट्ट सांगड ठरवूनही घालता आली नसती. चार-चार बारांची देवाणघेवाण म्हणजे एकेक आवर्तन, आपला सवाल-जवाबच. 32 बारांचं गाणं असेल तर आठ आवर्तनं, आठ बारांच्या प्रत्येक भागाला दोन.

एकताल वापरायचाच असेल तर एका बारला एक मात्रा धरा, विलंबित. टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर, खाली तिसऱ्या आणि सातव्यावर. हाही आराखडा ब्लूजच्या अंगावर बेतून शिवल्यासारखा बसतो. संथ ब्लूजला मला हाच जास्त आवडतो.

दुसरा घोळ स्विंगचा. तबलजी मात्रेचे दोन सारखे भाग करतो. सॅक्सवाला तीन भाग धरून पहिला आणि तिसरा वाजवतो. 120 च्या लयीत एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. तबल्याचा मधला बोल 250 वर, सॅक्सचा 333 वर. 83 मिलिसेकंदांची ही फट कोणालाही ऐकू येते आणि दोघंही एकमेकांना बेताल म्हणू लागतात. 200 च्या पुढे जॅझवालेच स्वर जवळपास सारखे करतात, म्हणून तिथे भांडण आपोआप मिटतं. मध्य लयीसाठी चौकट तीनतालाची ठेवा आणि आत केहरव्याचे आठ बोल चार मात्रांत तिस्र अंगाने (मात्रेचे तीन भाग धरून) भरा: धाऽगे नाऽति नऽक धिऽन. दुसऱ्या मात्रेवर चाटेचा ना खणखणीत येतो, चौथ्यावर धि बरोबर डग्गा पुन्हा उघडतो. ड्रमसेटमध्ये हाय-हॅट दोन आणि चारवर जे करतं ते काम इथे बऱ्यापैकी भागतं. ट्यूबा चालू असताना डग्ग्याची मींड (तळहात सरकवून आवाज चढवणं) बंद, बोल दाबून छोटा. दोघांचा आवाज एकाच पट्ट्यात असतो आणि डग्ग्याची गुंजन ट्यूबाचा स्वर पुसून टाकते. मींड ट्यूबा गप्प असेल तेव्हासाठी राखून ठेवा, तेव्हा ती सोन्यासारखी वाटते.

तबला कोणत्या स्वरात? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग "काहीतरी खटकतंय" म्हणत बसतात. सुरुवात एफ च्या ब्लूजने करा: अल्टोला कागदावर डी, ट्यूबाला सोयीचा, चेलोला चालण्यासारखा. तबला मात्र एफ मध्ये लावू नका. पाचव्या कॉर्डला, म्हणजे सी सेव्हनला, त्यातल्या ई शी एफ भांडतो. तबला सी मध्ये, पांढरी एकला लावा. सी हा एफ सेव्हनचा पंचम, सी सेव्हनचा मूळ स्वर आणि बी फ्लॅट सेव्हनचा नववा, तिन्हीकडे गोड. तबलजीच्या पिशवीत काळी एकचा (सी शार्पचा) तबला असेल आणि तो तसाच वाजवला तर मूळ कॉर्डवरच ओरबाडल्यासारखं होतं. अर्धा स्वर उतरवायला गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) वर ठोकायचे, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) बारीक जुळवणी. त्याहून जास्त ओढाताण करण्यापेक्षा साधारण साडेपाच इंचांच्या तोंडाचा दुसरा तबला आणलेला बरा. दूरदूरच्या कॉर्डमध्ये हिंडणारी गाणी पहिल्या कार्यक्रमात घेऊच नका. पुढे दोन-तीन तबले मांडता येतात.

एसी हॉलमध्ये पुडी (तबल्याचं कातडं) सुकून तबला चढतो आणि थंड सॅक्स उतरतो, म्हणजे दोघं उलट दिशांना जातात. दर दोन गाण्यांनी स्वर तपासा. पावसाळ्यात पुडी सैल पडते, तेव्हा वाजवण्याच्या अर्धा तास आधी तबला खोलीत उघडा ठेवा.

तबलजीच्या हाती स्टाफचा (पाश्चात्य स्वरलिपीचा) कागद देऊ नका. एका पानावर आवर्तनं मोजून लिहा: "मुखडा 3 आवर्तनं, दोनदा, सॅक्स सोलो 12 आवर्तनं, सवाल-जवाब 6 आवर्तनं, शेवटी तिहाई, समेवर सगळे बंद." तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर संपवणं. त्याच पानावर बारांचे आकडे छोट्या अक्षरात, म्हणजे "नवव्या बारपासून" असं कोणी म्हणालं तर त्याला तिसरी सम सापडते.

पहिल्या रिहर्सलला सॅक्सची पेटी बंदच ठेवा. वीस मिनिटं फक्त ट्यूबा आणि तबला. मग चेलो. तिघांनी दोन कोरस वाजवल्यावर गाणं कोणतं हे चालीविना ओळखता आलं पाहिजे. नाही आलं तर सॅक्स घालून ते झाकलं जाईल, सुधारणार नाही. फोन दोन मीटरवर मधोमध ठेवून रेकॉर्ड करा. ट्यूबावाल्यासाठी 45 मिनिटांनी सुट्टी.

मंचावर सॅक्सला माइक नको, लहान खोलीत तर मुळीच नको. तबल्याला दोन माइक, प्रत्येकी वीतभर अंतरावर. चेलोला पिकअप, आणि ट्यूबा बास देत असेल तेव्हा मिक्सरवर चेलोचं 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. ट्यूबाला माइक लागलाच तर भोंग्याच्या फूटभर वर. तबलजीला फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर बसवा. जमिनीवर बसलेला माणूस आणि उभा सॅक्सवाला यांची नजर भिडत नाही, आणि तुमच्याकडे शेवट नजरेनेच ठरणार आहेत.

गाणी सहा पुरेत, पाऊण तासाच्या कार्यक्रमाला. दोन ब्लूज वेगळ्या लयीत, दोन 32 बारांची, एक संथ, एक तुमचं स्वतःचं. आणि प्रत्येक गाण्याचा एक कागद असा ठेवा की ट्यूबावाला नसेल तर काय. लग्नाच्या मोसमात बँडवाला ऐनवेळी "सर, आज वरात आहे" म्हणतोच. तेव्हा बास चेलोकडे जातो आणि तिसरा-सातवा स्वर तुमच्या सॅक्सला चालीतच गुंफावे लागतात. ती आवृत्ती आधीच लिहून, निदान दोनदा वाजवून ठेवा.