घाटात धक्के देणारी व्हॅन आणि घरी बनवलेली तपासणीची साधने

प्रश्न : माझी तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची जुनी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) पेट्रोल व्हॅन आहे. तिला नंतर साधे मिक्सरचे एलपीजी किट बसवून घेतले. साताऱ्यात गाडी व्यवस्थित चालते, पण यवतेश्वरचा घाट चढताना इंजिन तापले की धक्के देते आणि कासला थांबवल्यावर लवकर सुरू होत नाही. मिस्त्री मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब सांगणारा) आणि पेट्रोल फवारणारे तिन्ही इंजेक्टर बदलायला सांगतात. इतका खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काही तपासता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : येईल, आणि पहिल्या तपासणीला काही बनवावेही लागणार नाही, कारण ते साधन आपल्या डॅशबोर्डवरच आहे : गॅस-पेट्रोलचे बटण. तोच घाट एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चढून पाहा. दोन्ही वेळा धक्के बसत असतील तर प्लग, प्लगच्या वायरी आणि इग्निशन कॉइल यांच्याकडे आधी वळावे. गॅसवर गाडी सुरळीत चढली आणि पेट्रोलवरच अडखळली, तरच इंजेक्शनची बाजू उघडण्यात अर्थ आहे. पत्रात आपण हे लिहिलेले नाही, आणि मिस्त्रींनीही ते विचारलेले दिसत नाही.

दोष पेट्रोलवरच येतो असे धरून पुढे जाऊ. इंजेक्टरच्या प्लगमध्ये दोन वायरी असतात. चावी फिरवल्यावर एकीत १२ व्होल्ट येतात, तर दुसरी वायर ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, काही मिलिसेकंदांपुरती अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला) जोडतो आणि तेवढ्या वेळात पेट्रोल फवारले जाते. हा संकेत डोळ्यांना दिसावा म्हणून एका साध्या एलईडीला १ किलोओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर ओळीने जोडावा. उलटसुलट जोडणीची चिंता नको असेल तर दोन एलईडी एकमेकांना विरुद्ध दिशेने समांतर लावावेत. इंजेक्टरचा प्लग काढून त्यात हा दिवा लावावा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. दिवा लुकलुकला तर ईसीयूचा हुकूम तिथपर्यंत पोचतो आहे. एकाच सिलिंडरवर लुकलुकला नाही तर त्या वायरीचा संशय घ्यावा. तिन्हींवर नाही, तर मुख्य रिले, फ्यूज किंवा इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा सेन्सर पाहावा. प्लगच्या खोबणीत जाड खिळा किंवा टेस्टरचे टोक खुपसू नये. आतली पितळी पट्टी फाकते आणि नसलेला दोष तयार होतो.

बटण मात्र त्या वेळी पेट्रोलवरच हवे. गॅसवर असताना किटमधील इम्युलेटर नावाचा छोटा डबा इंजेक्टरचा प्रवाह मुद्दाम तोडतो; त्यामुळे दिवा लागत नाही आणि चांगला ईसीयू भंगारात जातो.

या दिव्याची एक मर्यादा ओळखून असावे. तो जेमतेम १० मिलिअँपिअर घेतो, तर इंजेक्टरला सुमारे १ अँपिअर लागतो. वायरीतील एकच तार शाबूत राहिली असली तरी एलईडी झकास लुकलुकेल, मल्टिमीटरही १२ व्होल्ट दाखवील, पण इंजेक्टर नीट उघडणार नाही. आपल्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे तिथल्या वायरी वर्षानुवर्षे भाजून निघालेल्या असतात. म्हणून चावी चालू ठेवून १२ व्होल्टच्या वायरीला ५ वॅटचा बल्ब लावावा, त्याचे दुसरे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला द्यावे, आणि तो थेट बॅटरीवर लागतो तितकाच उजळ लागतो का ते पाहावे. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब ईसीयूकडच्या वायरीत कधीही वापरू नये. तो ४ अँपिअरहून अधिक प्रवाह खेचतो आणि ईसीयूतील ट्रान्झिस्टर जळू शकतो.

इंजेक्टरच्या कॉइलचा रोध अशा गाड्यांत बहुधा १२ ते १६ ओहम असतो. नेमक्या आकड्यापेक्षा तिन्हींचे आकडे जुळतात का, हे महत्त्वाचे. गाडी गार असताना केलेले मोजमाप आपल्या तक्रारीत फारसे उपयोगी नाही. कासला गाडी अडून बसेल तेव्हाच मल्टिमीटर बाहेर काढावा.

मॅप सेन्सरसाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची सिरिंज आणि घट्ट बसणारी नळी पुरेशी आहे. चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत सेन्सरच्या संकेताच्या वायरीवर साधारण ४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. सिरिंजचा दट्ट्या ओढत गेल्यावर आकडा सलग उतरला पाहिजे आणि दट्ट्या धरून ठेवल्यास तिथेच टिकला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा आकडा हलला नाही, तर मिस्त्रींचे म्हणणे खरे. कास साताऱ्यापेक्षा साडेचारशे-पाचशे मीटर उंच असल्याने तिथे नळी न जोडताही हा आकडा एक-दोन दशांश व्होल्टने कमी दिसायला हवा. ते सेन्सर शाबूत असल्याचे लक्षण आहे.

पेट्रोलच्या दाबाबाबत मात्र घरगुती उपाय सुचवणार नाही. तापलेल्या इंजिनाजवळ सुमारे ३ बार दाबाची नळी घरी जोडलेल्या क्लिपवर सोपवणे धोक्याचे आहे. तयार गेज असलेल्या गॅरेजमध्येच ते काम करावे. माझा पहिला संशय मात्र तिथेच आहे. गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल तळाला गेलेले असते, आणि टाकीतला पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो. चढावर ते थोडे पेट्रोल मागे सरकले की पंप हवा ओढतो. अर्धी टाकी भरून एकदा घाट चढून पाहावा आणि मगच पाने हाती घ्यावेत.

प्रश्न : २००६ च्या व्हॅनला मोबाइलवर चालणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लागेल का?
– एक वाचक, विटा

उत्तर : बहुधा नाही. हे स्कॅनर ओबीडी-२ ची, म्हणजे गाडीच्या स्वतपासणीच्या ठरावीक पद्धतीची, भाषा बोलतात, आणि आपल्याकडे भारत स्टेज ४ या धूर-नियमांच्या गाड्यांना ती सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या काही गाड्यांत तपासणी कनेक्टरच्या ठरावीक दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून दोषाचा क्रमांक सांगतो. त्या पिना कोणत्या, हे आपल्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पाहावे. अंदाजाने वायर लावल्यास निदान फ्यूज तरी उडेल.