त्या तिसऱ्या माणसाला उत्तर द्यायचं राहिलं

प्रिय काकू,

मी २६ वर्षांची आहे. साताऱ्यात गोडोलीत आई-बाबांबरोबर राहते आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. रात्री जेवणं आटोपली की तासभर ‘फायनल फँटसी फोर्टीन’ हा ऑनलाइन खेळ खेळते. त्यात मी व्हाइट मेज, म्हणजे हीलर, सोबत्यांना मंत्रानं बरं करणारी आहे. तीन आठवड्यांपूर्वी ब्रेफ्लॉक्सच्या डंजनमध्ये, म्हणजे चौघांनी मिळून पार करायच्या राक्षसांच्या ठाण्यात, पहिल्यांदाच गेले. टँकनं, म्हणजे सगळ्यांच्या पुढं राहून मार झेलणाऱ्यानं, राक्षसांचे दोन घोळके एकदम अंगावर घेतले, मला त्याला सांभाळता आलं नाही, सगळे मेलो. दुसऱ्यांदाही तेच. त्यानं लिहिलं, ‘हीलर झोपलाय का?’ मग लिहिलं, ‘जमत नसेल तर गेम काढून टाक.’ दुसऱ्या एकानं ‘असू दे, पहिलीच वेळ आहे का?’ असं काहीतरी विचारलं, पण तोवर माझे हात थरथरायला लागले होते. मी मधूनच बाहेर पडले. तीस मिनिटांची बंदी लागली, ती मी रडून काढली. आता फक्त कॉम्प्युटरच्या सोबत्यांबरोबर खेळते. ज्याचं नावगाव माहीत नाही त्याचं बोलणं इतकं का लागावं? आई म्हणते, परक्या लोकांत रात्रीचं जायचंच कशाला. मी हे सोडून देऊ का?

– एक वाचक, सातारा

प्रिय लेकी,

आधी एक सांगते. तुला लागलं यात तुझं काहीही चुकलेलं नाही. दिवसभर उभं राहून काम केल्यावर माणूस ज्या एका तासाची वाट बघतो, त्या तासात कुणी येऊन ‘तू नकोस’ म्हणालं तर ते लागणारच. तो माणूस जर्मनीत बसलाय की फलटणला, यानं दुखणं कमी होत नाही. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, भाचीनं मला या खेळात आणलं आणि तेव्हापासून मी तो सोडलेला नाही. त्यामुळं तुझं पत्र वाचताना ते डंजन माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं.

आता तिथं नेमकं काय झालं ते नीट बघू. गेले तीन आठवडे तू सगळा दोष एकटीच्या डोक्यावर घेऊन बसली आहेस.

ब्रेफ्लॉक्स बत्तिसाव्या लेव्हलचं डंजन आहे. व्हाइट मेजला रीजेन मिळतं पस्तिसाव्या लेव्हलला आणि होली पंचेचाळिसाव्या. म्हणजे टँकला हळूहळू भरत ठेवणारं औषध तुझ्या हातात नव्हतं आणि घोळक्याला सुन्न करणारा मंत्रही नव्हता. होतं ते क्युअर-टू, एका वेळी एकाच माणसाला देता येणारं. दोन घोळके एकदम ओढायचे तर टँकनं आपलं रॅम्पार्ट लावायला हवं. त्यानं वीस सेकंद मार वीस टक्के कमी बसतो आणि ते त्याला आठव्या लेव्हलपासून मिळालेलं असतं. बाकीच्या दोघांनीही एकेक राक्षस न टिपता सगळ्यांना एकदम लागणारे वार करायला हवेत. राक्षस जितका वेळ जिवंत, तितका वेळ टँकला मार आणि तितकं तुझं काम वाढतं. त्यानं रॅम्पार्ट लावलं होतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक तू बघितलंही नसशील, कारण तुझी नजर त्याचा जीव किती उरला ते दाखवणाऱ्या पट्टीवर खिळलेली असणार. चौघांच्या कामात कुठंही ढिलाई झाली तरी मरतो टँक आणि बघतात सगळे हीलरकडं. लॅबमध्ये रिपोर्ट उशिरा आला की पेशंट खिडकीवरच्या मुलीवर ओरडतो, तसंच हे.

म्हणून तो बोलला ते बरोबर, असं मी म्हणणार नाही. ते उद्धटच होतं. पण ही माणसं अशी का बोलतात, तेही सांगते. पूर्वी अशा खेळांत डंजनला जायचं तर आपल्याच सर्व्हरवर हाका मारून माणसं गोळा करावी लागायची. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळात डिसेंबर २००९ मध्ये आपोआप गट जुळवणारी सोय आली आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरची माणसं क्षणात एकत्र यायला लागली. आपल्या खेळातलं ड्युटी फाइंडर हेच करतं. सोय फार मोठी आहे. तिच्याशिवाय रात्री दहा वाजता साताऱ्यात बसून तुला तीन सोबती कुठून मिळाले असते? पण आपल्याकडं शेतात सावड करतात, तिथं आज मी तुझ्या रानात राबले तर उद्या तू माझ्या रानात येणार असतेस, म्हणून माणूस जीभ सांभाळतो. इथं वीस-पंचवीस मिनिटांनी चौघं चार दिशांना जातात आणि पुन्हा भेटत नाहीत. ज्याच्या तोंडाला मुळातच लगाम नाही, त्याला ही मोकळीकच वाटते.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे ते. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, जे तू घाईघाईत मागं टाकलंस. ‘दुसऱ्या एकानं असू दे, पहिलीच वेळ आहे का असं काहीतरी विचारलं.’ टँकचे शब्द तुला जसेच्या तसे पाठ आहेत. या माणसाचे मात्र ‘असं काहीतरी’. तोही दोनदा मेला होता, त्याचाही वेळ गेला होता, तरी त्यानं हात थांबवून तुझ्यासाठी एक ओळ टाइप केली. आणि तू त्याला उत्तर न देता निघून गेलीस. रागावू नकोस गं, हे बोलायलाच हवं. त्या रात्री तुझ्याशी वाईट वागणारा एक होता आणि चांगलं वागणाराही एक होता. तीन आठवडे तू पहिल्याचंच ऐकते आहेस.

शिवाय त्याला विचारावं लागलं, हेही लक्षात घे. गटात कुणीतरी नवीन असेल तर डंजन सुरू होताना सगळ्यांना सूचना येते आणि शेवटी जास्तीचं बक्षीसही मिळतं. पण नवीन कोण, ते खेळ सांगत नाही. नावाशेजारचं हिरवं रोपटं एवढंच सांगतं की तू या खेळात नवी आहेस. या डंजनमध्ये पहिल्यांदा आलीस की दहाव्यांदा, हे त्यावरून कुणाला कसं कळावं?

लॅबमध्ये तू काय करतेस ते आठव. सुई टोचण्याआधी तू म्हणतच असशील, ‘थोडं टोचेल हं, मूठ घट्ट आवळा.’ नस पटकन सापडली नाही तर, ‘जरा थांबा हं, दुसऱ्या हाताला बघते.’ एवढं बोललं की समोरचा अनोळखी माणूस निमूट हात पुढं करतो. न बोलता दोनदा टोचलंस तर तोच माणूस आवाज चढवतो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, रोज पन्नास वेळा करतेस. डंजनच्या दारात मात्र तू गप्प राहिलीस. तिथंही तेच कर. पहिल्या घोळक्याला हात लावायच्या आधी लिही, ‘नमस्कार, इथं पहिल्यांदाच आले आहे, घोळके एकेक करून घेता का?’ इंग्रजीची भीती वाटत असेल तर रिकाम्या वेळी हे वाक्य मॅक्रोमध्ये घालून ठेव, एका बटणावर जाईल. अभिवादनासारख्या नेहमीच्या वाक्यांना ऑटो-ट्रान्सलेट आहे, ते समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतं.

माझा एक अनुभव सांगते. मी टँक म्हणून टॅम-टारा या दुसऱ्या एका डंजनमध्ये गेले होते, आणि राक्षसांचं लक्ष आपल्यावर ओढून ठेवणारा स्टान्स लावायलाच विसरले. सगळे राक्षस हीलरवर धावले आणि तो मेला. मी घाबरून लिहिलं, ‘माफ करा, नवीन आहे.’ गटात एक लालाफेल, म्हणजे खेळातल्या बुटक्या जमातीतला, होता, तो गुडघ्याएवढ्या उंचीचा, गोल तोंडाचा. त्यानं काही लिहिलं नाही. तो पुढच्या दालनात एका जागी जाऊन उभा राहिला आणि टुणटुण उड्या मारायला लागला. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, बॉसला, म्हणजे मोठ्या राक्षसाला, घेऊन कुठं उभं राहायचं ती जागा तो दाखवतोय. मी तिथं जाऊन उभी राहिले तशा उड्या थांबल्या. शेवटी एकाला कमेंडेशन, म्हणजे शाबासकी, द्यायचं असतं ना, ते मी त्याला दिलं. त्याचं नाव आज आठवत नाही, पण त्या उड्या अजून आठवतात.

सोडून देऊ का, असं विचारतेस. कंटाळा आला असता तर मी हो म्हणाले असते. तुझं पत्र कंटाळलेल्या मुलीचं नाही. कॉम्प्युटरच्या सोबत्यांबरोबर डंजन शिकणं चांगलंच आहे, ब्रेफ्लॉक्स तसं दोनदा करून बघ. शेवटचा तो ड्रॅगन विष टाकतो, ते एस्युनाच्या मंत्रानं काढायचं. जमिनीवर विषाची डबकी करतो, त्यांत तो उभा राहिला की स्वतःच बरा होतो, म्हणून टँकनं त्याला बाहेर ओढायचं असतं. हे एकदा डोळ्यांखालून गेलं की निम्मी भीती जाईल. पण कायमची त्यांच्यातच राहू नकोस. ते सोबती तुझ्यावर कधी चिडणार नाहीत, आणि ‘पहिलीच वेळ आहे का’ असंही कधी विचारणार नाहीत.

पुन्हा कुणी ‘काढून टाक’ म्हणालं तर वाद घालू नकोस. नावावर क्लिक करून ब्लॅकलिस्टमध्ये टाक, त्याचं लिहिलेलं तुला दिसणारच नाही. शिवीगाळ असेल तर रिपोर्ट कर. मधून उठून मात्र जाऊ नकोस, बाकीच्या दोघांची रात्र तुझ्या हातात असते.

आईंची काळजी वेगळी आहे आणि ती खरी आहे. खरं नाव, फोन नंबर, लॅबचा पत्ता, फोटो यांतलं काही कुणाला देत नाहीस हे त्यांना सांग, आणि देऊही नकोस. एकदा त्यांना शेजारी बसवून एक डंजन दाखव. खुर्ची ओढून दे, चहा दे, आणि पट्टी खाली आली की टँकला कसं वाचवतेस ते दाखव. दिवसभर लॅबमध्ये काय करतेस हेही कदाचित त्यांनी कधी बघितलं नसेल.

शनिवारी रात्री जा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर आधी राउटर इन्व्हर्टरवर घे. सगळं नीट पार पडलं तर कमेंडेशन त्याला दे, जो तुझ्या पहिल्या ओळीला उत्तर देईल.

– तुझी काकू